लादीखालचे काम आणि ठेकेदाराची जबाबदारी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपली वकिली लहान रकमांच्या आणि साध्यासुध्या घरांच्या भांडणांसाठी वेचली. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषयही तसाच हवा, म्हणून आज मी घराच्या दुरुस्तीबद्दल बोलणार आहे. बाथरूमची लादी बदलली, स्वयंपाकघराचा ओटा हलवला, मधली भिंत काढून हॉल मोठा केला. पैसे देऊन झाले, ठेकेदार दुसऱ्या कामाला लागला, आणि पहिल्याच पावसाळ्यात छताला ओल आली, भिंतीचे पोपडे पडू लागले. आता हे निस्तरायचे कोणी? मी पेशाने स्थापत्य अभियंता आहे. अशा वादांत जागेवर जाऊन पाहणी करायची आणि अहवाल द्यायचा, हे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्यामुळे कायदा मला दिसतो तो साइटवरून.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. ठेकेदाराला जबाबदार धरायला आपल्याकडे कायदा पुरेसा आहे. कमी पडतो तो पुरावा. या कामातला खरा दोष लादीखाली, गिलाव्याआड, छताच्या पीओपीवर दडलेला असतो. घरमालकाला तो दिसतो तेव्हा काम झाकून गेलेले असते, आणि झाकले कोणी, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानेच. म्हणून झाकलेले काम नीट केले होते हे दाखवण्याचे ओझे ते झाकणाऱ्यावर असले पाहिजे. त्याने झाकण्याआधीच्या तपासणीची नोंद ठेवली नसेल, तर त्याचा परिणाम त्याने भोगावा, घरमालकाने नव्हे.

हे पटण्यासाठी बाथरूमचे काम कसे चालते ते पाहावे लागेल. जुनी लादी ब्रेकरने फोडली की तिच्याखालचा कोबा हादरतो आणि कोब्याखालचा वॉटरप्रूफिंगचा थर जागोजागी फाटतो. बुडीत स्लॅब असेल तर त्यातला भरावही हलतो. तरीही नव्या लादीच्या कोटेशनमध्ये हा थर पुन्हा करण्याचा उल्लेख पुष्कळदा नसतो. असतो तेव्हा ‘वॉटरप्रूफिंगसह’ एवढाच शब्द असतो. कोणते मटेरियल, किती हात, भिंतीवर किती उंचीपर्यंत, नहाणी ट्रॅपच्या आणि पाइपच्या भोवती काय भरणार, जमीन आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात वाटा मारणार की नाही, यातले काही लिहिलेले नसते. आणि गळती होते ती नेमकी याच जागांतून. मोकळ्या सपाट भागातून पाणी क्वचितच उतरते. ते उतरते कोपऱ्यातून, पाइप स्लॅबमधून जातो त्या भोकातून, ट्रॅपच्या कडेने. शिवाय पाणी जिथून शिरते तिथेच बाहेर पडेल असे नाही. कोब्यातून वाट काढत ते पार दुसऱ्या टोकाला जाते आणि खालच्या घरात बेडरूमच्या छतावर डाग होऊन दिसते. मग ठेकेदार म्हणतो, “बाथरूम तर इकडे आहे, हे पाणी आमचे नाही.”

यावर उपाय जुना आहे आणि प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक आहे. थर झाल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करायचे, पाणी भरून निदान चोवीस तास, शक्य असेल तर त्याहून जास्त वेळ ठेवायचे, आणि खालच्या घरी जाऊन छत पाहायचे. भिंतीत दडवायच्या पाइपलाही गिलावा करण्याआधी दाब देऊन पाहायचे. यात खर्च जवळजवळ नाही, जातो तो वेळ. आणि उक्ते काम घेतलेल्या माणसाला एक दिवस थांबणे परवडत नाही, कारण त्याची माणसे दुसऱ्या साइटवर खोळंबलेली असतात. क्युरिंगचेही तसेच. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला निदान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला निदान १० दिवस पाणी मारावे, असे भारतीय मानक ४५६ सांगते. आज बाजारात मिळणारे बरेचसे सिमेंट मिश्र प्रकारचे आहे. पण घरातला नवा लिंटेल किंवा ओट्याचा कडप्पा पेलणारी काँक्रीटची पट्टी १० दिवस ओली ठेवलेली मी फार कमी घरांत पाहिली आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. तोंडी करारही करारच असतो, त्यामुळे “लेखी काही झालेच नव्हते” हा बचाव नव्हे. करार मोडल्याने स्वाभाविकपणे जे नुकसान होते, ते भरून देण्याची जबाबदारी कलम ७३ टाकते. ग्राहक संरक्षण कायद्याची वाट १९९३ मध्ये मोकळी झाली. त्या वर्षी ‘सेवे’च्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट समावेश झाला आणि नोव्हेंबरमध्ये लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घर बांधून देणे ही सेवाच आहे असे ठामपणे सांगितले. २०१९ च्या नव्या कायद्यात ‘सेवेतील त्रुटी’ची व्याख्या बरीच रुंद आहे. कामाचा दर्जा, स्वरूप आणि ते करण्याची रीत यांतली कोणतीही उणीव तिच्यात बसते. घराची दुरुस्ती हीदेखील पैसे घेऊन दिलेली सेवा आहे. तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि कामासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. सामान्य घरातले बरेचसे काम या मर्यादेत येते. दार उघडे आहे.

मग आत गेल्यावर काय होते? ठेकेदाराचे बचाव ठरलेले असतात. सिमेंट आणि लादी तुम्ही आणून दिली. प्लंबर तुमचा होता. इमारत जुनी आहे. पाणी सोसायटीच्या बाहेरच्या पाइपातून येते. तुम्ही घाई केली. यातला एखादा बचाव खराही असू शकतो, म्हणून प्रत्येकाकडे नीट पाहायला हवे. मटेरियल मालकाचे असले तरी ते वापरण्याजोगे आहे की नाही, हे ओळखण्याचे कौशल्य ठेकेदाराचे असते आणि त्याच कौशल्याचे त्याला पैसे मिळतात. गठ्ठे झालेल्या गोणीतले सिमेंट त्याने वापरले, तर दोष मालकाच्या माथी मारता येत नाही. त्याने नकार द्यायला हवा होता. पोटठेकेदार नेमला म्हणून मूळ ठेकेदार सुटत नाही, कारण करार त्याच्याशी झालेला आहे. बाहेरच्या पाइपाचा मुद्दा मात्र तपासावाच लागतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची, बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांची गळती ही संस्थेची जबाबदारी आहे, तर घरातल्या संडास, सिंक वगैरेंची गळती सभासदाची. म्हणून पाहणीत आधी हेच शोधायचे असते की नळ बंद ठेवल्यावर ओल थांबते का, फक्त पावसातच वाढते का, आणि रंगीत पाणी सोडले तर ते कुठे उतरते.

इथे पुराव्याचा प्रश्न येतो. जी गोष्ट विशेषकरून एखाद्याच्याच माहितीत आहे, ती शाबीत करण्याचे ओझे त्याच्यावर, हे तत्त्व भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०६ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आहे. लादीखाली किती हात मारले, हे ठेकेदाराशिवाय कोणाला माहीत असणार? तक्रारदाराने ओल दाखवली, ती कामानंतर आली हे दाखवले आणि ती त्याच भागातून येते असा अभियंत्याचा अहवाल दिला, की पुढचे ओझे ठेकेदारावर सरकायला हवे. त्याने पाणी भरून ठेवल्याचा फोटो दाखवावा, मटेरियलचे बिल दाखवावे. नुसते “आम्ही सगळे व्यवस्थित केले होते” हे शपथपत्र मला पुरेसे वाटत नाही, आणि ग्राहक आयोगांनाही ते पुरेसे वाटू नये, असे मी आग्रहाने म्हणतो.

दोष ठरला तरी भरपाई किती, हा प्रश्न उरतोच. आपल्या करार कायद्याची मुळे इंग्लंडच्या कायद्यात आहेत, म्हणून तिथले तीन निकाल सांगतो. तिन्ही घरातल्या कामांचेच आहेत. पहिला १९५२ चा, होनिग विरुद्ध आयझॅक्स. एका खोलीच्या घराची सजावट आणि फर्निचर करून देण्याचे काम ७५० पौंडांत उक्ते दिले होते. कपाटाचे दार बदलायला हवे होते, पुस्तकांची फळी आखूड झाली होती. दुरुस्तीचा खर्च सुमारे ५५ पौंड. मालक म्हणाला, काम पूर्ण नाही, बाकीचे पैसे देणार नाही. न्यायालयाने सांगितले की काम मुख्यत्वे पूर्ण झाले आहे, म्हणून ५५ पौंड कापून उरलेले द्या. दुसरा १९७२ चा, बोल्टन विरुद्ध महादेव. ५६० पौंडांत घर गरम ठेवणारी यंत्रणा बसवली. ती घर सारखे गरम करीना आणि बैठकीच्या खोलीत धूर येई. दुरुस्तीला १७४ पौंड लागणार होते. इथे ठेकेदाराला एक पैसाही मिळाला नाही, कारण ज्या कामासाठी यंत्रणा घेतली तेच काम ती करत नव्हती.

तिसरा निकाल १९९५ चा, रक्सली विरुद्ध फोर्सिथ, आणि मला तो सर्वांत विचार करायला लावतो. घराच्या बागेत पोहण्याचा तलाव साडेसात फूट खोल हवा होता, झाला पावणेसात फूट. उडी मारण्याच्या जागी तर सहाच फूट. तलाव सुरक्षित होता, वापरता येत होता, घराची किंमतही घटली नव्हती. सगळे फोडून पुन्हा बांधायला २१,५६० पौंड लागले असते. हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने तो खर्च अवाजवी ठरवला आणि मालकाच्या हिरमोडाबद्दल दिलेले २,५०० पौंड कायम ठेवले. म्हणजे कायदा दोन टोकांमधून वाट काढतो. प्रत्येक उणिवेसाठी फोडून नवे करा, असे तो म्हणत नाही. आणि किंमत घटली नाही म्हणून काहीच मिळणार नाही, असेही म्हणत नाही.

आपल्या वादांना ही कसोटी लावून पाहा. लादीचा रंग नमुन्याहून थोडा फिका आला, तर सगळी जमीन उखडायला लावणे हट्टाचे होईल. तिथे योग्य रक्कम कापून मिळावी. पण वॉटरप्रूफिंगचा थरच झाला नसेल, तर ती बाथरूम बोल्टनच्या यंत्रणेच्या पंक्तीत बसते. तिथे भरपाईत नुसते वॉटरप्रूफिंगचे पैसे धरून चालणार नाही. लादी फोडण्याचा, राबिट उचलण्याचा, नवी लादी आणण्याचा, खालच्या घराचे छत रंगवण्याचा, आणि त्या काळात कुटुंबाला दुसरीकडे आंघोळीची सोय करावी लागली असेल तर त्याचाही खर्च त्यात यायला हवा. थराचे पैसे मोजले ते लादी वाचवण्यासाठीच. मग लादी गेली तर ती या करारभंगाचे स्वाभाविक नुकसान नव्हे का? मी माझ्या अहवालांत हा हिशेब नेहमी असाच मांडत आलो.

मालकावरही एक जबाबदारी आहे. नुकसान कमी करण्याचे जे मार्ग हाताशी होते ते त्याने वापरले का, हे कलम ७३ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे पाहिले जाते. गळती दिसल्यावर गप्प बसून सगळे फर्निचर कुजू दिले, तर त्याचे पैसे मिळणार नाहीत. ठेकेदाराला लेखी कळवावे, पाहणीला आणि दुरुस्तीला वाजवी मुदत द्यावी, आणि तो आला नाही तर फोटो, अहवाल व मोजमाप करून मगच दुसऱ्याकडून काम करून घ्यावे. आधी फोडले आणि मग तक्रार केली, तर पुरावा राबिटाबरोबर कचऱ्याच्या ट्रकमध्ये जातो.

मुदतीबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण चांगल्या चांगल्या तक्रारी इथे बुडतात. ग्राहक आयोगात तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे, दिवाणी न्यायालयात करारभंगापासून तीन वर्षे. आपल्याकडे दोष कळतो पावसाळ्यात. पहिल्या पावसाळ्यात ओल येते, ठेकेदार फोनवर म्हणतो, “सुकू द्या, दिवाळीनंतर केमिकल मारून देतो.” दिवाळीनंतर तो येतो, सांध्यांत ग्राऊट भरतो, आणि उन्हाळ्यात सगळे कोरडे दिसते. दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा तेच. तिसऱ्या पावसाळ्यात संतापून तक्रार करायला जावे, तर समोरचा वकील पहिल्या पावसाळ्याचा व्हॉट्सॲपचा मेसेज दाखवून म्हणतो की यांना दोष तेव्हाच कळला होता. विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यावर विसंबू नये. दुरुस्तीला येणाऱ्या ठेकेदाराकडून काय बिघडले आणि ते माझ्याकडून झाले, एवढे दोन ओळींत लिहून सही घ्यावी. मुदत कायदा १९६३ च्या कलम १८ प्रमाणे मुदतीच्या आत सहीनिशी दिलेल्या अशा कबुलीपासून दाव्याची मुदत नव्याने मोजली जाते.

एक गैरसमजही दूर करायला हवा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत दिसलेले बांधकामाचे दोष बिल्डरने ३० दिवसांत, वेगळे पैसे न घेता दूर करायचे असतात. लोकांना वाटते की हीच हमी आपण नेमलेल्या ठेकेदारालाही लागू आहे. ती नाही, ती प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर आहे. उलट अनेक करारनाम्यांत असे कलम असते की बाथरूम, स्वयंपाकघर, पाइप यांत बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय फेरफार केला तर ही हमी संपते. म्हणजे नव्या फ्लॅटची लादी आवडली नाही म्हणून ताबा घेतल्याबरोबर फोडणारा माणूस एक हमी गमावतो, आणि तिच्या जागी लेखी काहीच नसलेला ठेकेदार घेतो.

आतापर्यंत ओलीबद्दल बोललो. भिंती आणि खांब यांचा विषय वेगळ्या वजनाचा आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही इमारत कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्यावरच्या नर्सिंग होमच्या जागेत फेरफाराचे काम चालू होते आणि त्यात इमारतीच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. त्या दिवसाची आठवण मी प्रत्येक तरुण अभियंत्याला देतो. घरात झरी मारताना बीम किंवा कॉलमचे काँक्रीट खरवडले, पाइप नेण्यासाठी बीमला भोक पाडले, सळई उघडी पडली, तर त्या क्षणी काहीही होत नाही. हवा आणि पाणी लागून सळई गंजते, फुगते, काँक्रीट फोडते, आणि हे वर्षानुवर्षे चालते. अशा कामात “मालकानेच सांगितले होते” हा बचाव मी मुळीच मान्य करत नाही. कोणती भिंत नुसती आडोशाची आणि कोणती भार पेलणारी, हे मालकाला कळत नाही. जुन्या, भिंतींवर उभ्या असलेल्या चाळींत आणि वाड्यांत तर हे अभियंत्यालाही मोजून पाहावे लागते. जाणकाराचे पहिले कर्तव्य सावध करण्याचे आहे, आणि मालक ऐकत नसेल तर काम सोडण्याचे. वरच्या आणि खालच्या घरांतली माणसे या करारात कुठेच नसतात, पण त्यांचा जीव मात्र त्यात असतो.

आता दुसऱ्या बाजूबद्दल. ठेकेदार हा शब्द आपण एकवचनी वापरतो, पण घरात दिसतो तो मिस्त्री आणि त्याचे बिगारी. काम घेणारा एक, त्याने लादीचे काम दिले दुसऱ्याला, दुसऱ्याने लेबर रेटने तिसऱ्याला. दोष निघाला की पैसे अडतात, आणि ते अडतात सर्वांत खालच्या माणसाचे. गावाकडे जायच्या आधी हिशेब मागणाऱ्या मजुराला सांगतात, “मालकाने पैसे थांबवलेत.” हे मी पाहिलेले आहे आणि ते अन्यायाचे आहे. दोषाची भरपाई काम घेणाऱ्याने, म्हणजे ज्याने नफा धरून दर लावला त्याने द्यायची. रोजंदारीने ती भरून काढायची नाही. म्हणून मालकाने राखून ठेवायची रक्कम आधीच ठरलेली आणि लिहिलेली असावी, ऐनवेळी रागाने अडवलेली नसावी. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटांत अनामत कापून ठेवण्याची आणि दोषदायित्वाचा कालावधी ठरवण्याची पद्धत कधीपासून आहे. रस्त्याच्या कामाला जे चालते ते घराच्या कामाला का चालू नये?

माझी सूचना अगदी लहान आहे. गृहनिर्माण संस्था दुरुस्तीची परवानगी देताना सभासदाकडून अनामत घेतात, राबिट लिफ्टमधून नेऊ नये असे लिहून घेतात. त्याच अर्जाला दोन पानांचा मराठी करारनामा जोडावा. कामाची यादी आणि मोजमाप, मटेरियल कोणाचे, जादा काम निघाल्यास त्याचा दर लिहून सही झाल्याशिवाय सुरू करायचे नाही. पाणी भरून ठेवण्याची तारीख, त्या वेळचे फोटो, आणि खालच्या घरातल्या माणसाची सही. ही सही मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण उद्या पाणी त्याच्याच छतावर दिसणार आहे. शेवटच्या हप्त्याचा ठरावीक भाग निदान एक पावसाळा उलटेपर्यंत राखलेला. कोणत्याही खांबाला, तुळईला, स्लॅबला हात लावायचा असेल तर नोंदणीकृत अभियंत्याचे पत्र. आणि वाद झाला तर आधी कुठे जायचे ते.

हे शेवटचे कलम आज लिहिता येणार नाही, कारण अशी जागाच नाही. पण तिचा नमुना आपल्याकडे आहे. महारेराने २०१८ मध्ये ग्राहक संघटना आणि बिल्डरांच्या संघटना यांना एकत्र बसवून सलोखा मंच सुरू केले. तिथे घर घेणारा आणि बिल्डर समोरासमोर बसतात. दुरुस्तीच्या वादांसाठी प्रत्येक मोठ्या शहरात असा मंच निघावा. त्यात ग्राहक संघटनेचा एक माणूस, ठेकेदारांमधला एक, आणि जागेवर जाऊन पाणी सोडून पाहणारा एक अभियंता असावा. त्याने एका आठवड्यात पाहणी करावी, म्हणजे फोडण्याआधी अहवाल हाती असेल. या सभागृहात निवृत्त अभियंते बरेच आहेत, वकीलही आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकजण कोणत्या ना कोणत्या सोसायटीच्या समितीवर आहे. करारनाम्याचा मसुदा मी बरोबर आणला आहे. व्याख्यान संपल्यावर तो बाहेरच्या टेबलावर असेल. त्यातली जी कलमे तुम्हाला ठेकेदाराच्या किंवा मालकाच्या बाजूला झुकलेली वाटतील, ती खोडून आपली दुरुस्ती समासात लिहावी आणि प्रत तिथेच ठेवावी.